बोनेटपाशी पेट्रोलचा वास येतो: जुन्या गाडीला आगीपासून कसं जपावं

तुम्ही लिहिलंय की गाडी १९९८ ची मारुती ८००, कार्बोरेटरची, वडिलांनी घेतलेली. सांगलीत असते, वर्षाला जेमतेम दोन हजार किलोमीटर चालते. मधे काही वर्षं गॅस किट होतं, ते काढून टाकलं. हल्ली सकाळी बोनेटपाशी पेट्रोलचा हलका वास येतो आणि मेकॅनिक म्हणाले, "जुन्या गाडीला एवढा वास असायचाच." गणपतीला ती घेऊन आंबा घाटाने रत्नागिरीकडे गावी जायचंय आणि रस्त्यात पेटलेल्या गाड्यांचे व्हिडिओ बघून घरचे धास्तावलेत. गाडी सुरक्षित करता येईल का, की विकून टाकावी, हा तुमचा प्रश्न.

सुरक्षित करता येईल. मी कोल्हापुरात तीस वर्षं गॅरेज चालवतोय आणि याच वयाच्या ८००, ओम्नी, झेन अजून रोज माझ्याकडे येतात. पण आधी त्या वासाचं बोलू. "असायचाच" हे वाक्य ऐकलं की मला मनापासून राग येतो. गरम गाडी बंद केल्यावर कार्बोरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, वाटीतलं पेट्रोल तापतं आणि पाच-दहा मिनिटं थोडा वास येऊ शकतो, इतपत ठीक. रात्रभर थंड झालेल्या गाडीला सकाळी वास येतो तेव्हा कुठून तरी पेट्रोल बाहेर आलेलं असतं. थंडीने रबर आकसतं, नळीचं तोंड निपलवर (ज्या टोकावर ती चढवलेली असते त्यावर) सैल पडतं, रात्री थोडं पाझरतं. सकाळी इंजिन तापलं की नळी फुलून बसते आणि पाझरलेलं उडून जातं. म्हणून गॅरेजमध्ये नेईपर्यंत काही सापडत नाही आणि तुम्हालाच वेड्यात काढलं जातं.

तेव्हा काम होईपर्यंत गाडी चालवू नका. बंद शटरच्या गाळ्यात असेल तर ढकलत बाहेर मोकळ्यावर आणा. सेल्फ मारून बाहेर काढू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत आणि कोपऱ्यात साचून राहते. बाहेर आणल्यावर बोनेट थोडा वेळ उघडं ठेवून वारा लागू द्या आणि मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा.

बोनेटखाली आग लागायला दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात: पेटणारं काहीतरी बाहेर यायला हवं आणि जवळ ठिणगी किंवा पुरेसा तापलेला धातू हवा. नव्या गाडीत या दोन्ही आपापल्या जागी बंदिस्त असतात. जुन्या गाडीत हळूहळू दोन्ही बाजूंचं कुंपण ढिलं होतं: रबर कडक होतं, वायरवरचं प्लास्टिक तडकतं. आणि इथेच बहुतेक मालकांचा हिशेब चुकतो. तुम्ही अभिमानाने लिहिलंय की गाडी फक्त ६८ हजार चाललीय. इंजिनाच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट आहे. पण रबर आणि वायर किलोमीटर मोजत नाहीत, वर्षं मोजतात. उलट रोज चालणाऱ्या टॅक्सीची नळी फुटली की लगेच बदलली जाते. घरात जपलेल्या गाडीला पंचवीस वर्षांपूर्वीचीच नळी असते आणि वरून ती छान दिसत असते.

गेल्या उन्हाळ्यात तुमच्यासारख्याच एका ८०० चा पंपाकडे जाणारा पाइप मी काढला. वरून काळाभोर, फडक्याने पुसल्यावर नव्यासारखा. क्लिप सैल करून तोंड बोटाने जरा वाकवलं तर कडेला कोळिष्टकासारख्या बारीक भेगा. आम्ही तो पुन्हा चढवून मालकांना दाखवण्यासाठी इंजिन चालू केलं. दोन मिनिटं काही नाही. मग क्लिपच्या कडेला मोहरीएवढा थेंब उगवला, फुगला, घरंगळला. तिथे कोरडा वर्तमानपत्राचा कपटा धरला तर तो बघता बघता ओला झाला. इतकी गळती चालत्या गाडीत कधीच दिसली नसती; गरम इंजिनावर थेंब पडायच्या आधीच त्याची वाफ होते. मालक म्हणाले, "मला तीन महिने वास येत होता हो." मी पाहिलेल्या बहुतेक जळलेल्या गाड्यांच्या मालकांनी हेच सांगितलंय: वास येत होता, दिवे मंद होत होते, फ्युज उडत होता. गाडीने आधी सांगितलेलं असतं.

यात आता इथेनॉलची भर पडलीय. आपल्याकडे २०२२ मध्ये पेट्रोलमधलं इथेनॉल सरासरी दहा टक्क्यांवर गेलं, २०२३ पासून वीस टक्केवालं मिळायला लागलं आणि आज बहुतेक पंपांवर तेच असतं. १९९८ ची रबरं या मिश्रणासाठी बनवलेली नव्हती. इथेनॉलने ती आधी फुगतात, मऊ पडतात; गाडी महिनाभर उभी राहिली की सुकतात आणि मग चिरतात. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःच म्हटलं की काही जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटर वापरानंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील. तुमच्या चालीने वीस हजार किलोमीटर व्हायला दहा वर्षं लागतील. तेवढं थांबू नका.

बदलायचं ते असं. टाकीपासून येणारी लोखंडी नळी पुढे जिथे संपते तिथपासून फिल्टर, फिल्टरपासून पंप, पंपापासून कार्बोरेटर आणि उरलेलं पेट्रोल टाकीत नेणारी परतीची नळी, म्हणजे पुढचा प्रत्येक रबरी तुकडा एकाच दिवशी बदला. गळणारा तेवढाच बदलला तर त्याच वयाचे बाकीचे तसेच राहतात. टाकीपाशीही रबरी जोड असतात. गाडी लिफ्टवर घेतलीच आहे तर तेही पाहून घ्या. दुकानात जुना तुकडा घेऊन जा, म्हणजे आतला व्यास चुकणार नाही. मागताना "पेट्रोल पाइप द्या" म्हणू नका. तसं म्हटलं की पारदर्शक प्लास्टिकची नळीही गळ्यात पडते, आणि ती उन्हाळ्यात कडक होऊन निपलवर फाटते. पाइपवर छापलेलं वाचा. कार्बोरेटरच्या गाडीला एसएई जे३० आर७ या दर्जाचा चालतो, पण मी हल्ली आर९ च घालतो. तो इंजेक्शनच्या गाड्यांचा, जास्त दाबाचा, आतून फ्लोरो-रबरचा असतो, इथेनॉल त्याला फारसं बाधत नाही. महाग आहे, पण तुमच्या गाडीला लागतो किती? सगळे तुकडे मिळून मीटर-दीड मीटर. परतीच्या प्रवासातल्या एका जेवणाएवढा फरक पडेल.

क्लिपकडेही बघा. पट्टीवर खाचा असलेली मोठी क्लिप लहान नळीत रुतते आणि रबर कापते. गुळगुळीत पट्टीची, नट-बोल्टने आवळायची छोटी क्लिप मिळते, ती घ्या. तांब्याची तार पिळून बांधलेली नळी मी आजही पाहतो. ती दिसली तर त्या गॅरेजमध्ये पुन्हा गाडी नेऊ नका.

फिल्टरचंही एक आहे. स्वस्तातला प्लास्टिकचा फिल्टर नळीच्या मधोमध लोंबकळत सोडलेला असतो. हादऱ्यांनी तो हळूहळू सायलेन्सरच्या मॅनिफोल्डकडे, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळीकडे सरकतो, त्याचं बारीक नाक तापून ठिसूळ होतं आणि एक दिवस मोडतं. फिल्टर त्याच्या मूळ पकडीत, उष्णतेपासून दूर बसवून घ्या. पकड तुटली असेल तर नवी करून घ्या.

आता माझ्याच हातून सुटलेली गोष्ट सांगतो, कारण ती तुमच्या मेकॅनिककडूनही होऊ शकते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ओम्नीचा मी फक्त फिल्टर बदलला. नळ्या वरून बऱ्या दिसल्या, म्हणून जुनं तोंड नव्या फिल्टरवर तसंच चढवलं आणि जुनीच क्लिप आवळली. जुनी नळी निपलच्या आकाराची झालेली असते. एकदा काढली की पुन्हा तशी घट्ट बसत नाही. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. चार दिवसांनी त्या गृहस्थांना सीटखालून वास आला. त्यांनी तिथेच गाडी बंद केली, बायको-मुलांना खाली उतरवलं आणि मला फोन केला. मी जाऊन सीट उचलली तेव्हा पूर्ण क्लिप ओली होती आणि खाली मॅनिफोल्ड गरम. त्या माणसाने वास मनावर घेतला म्हणून काही झालं नाही. तेव्हापासून काढलेली जुनी नळी मी परत बसवत नाही, मालकांनी कितीही आग्रह केला तरी.

नळ्यांनंतर पंप आणि कार्बोरेटर. तुमच्या गाडीचा पंप इंजिनवर बसवलेला यांत्रिक पंप आहे, ज्याला आम्ही एसी पंप म्हणतो (गार हवेच्या एसीशी त्याचा संबंध नाही). त्यातला पडदा चिरला तर पेट्रोल पंपाच्या भोकातून बाहेर येतं, किंवा आतल्या आत ऑइलमध्ये उतरतं. दुसरा प्रकार फसवा आहे, कारण बाहेर थेंबही दिसत नाही. ऑइलची पट्टी काढून पातळी बघा आणि वास घ्या. पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि पट्टीला पेट्रोलचा वास आला तर गाडी चालू करू नका. पंप बदलून ऑइल बदला. कार्बोरेटरमध्ये वाटीत येणारं पेट्रोल रोखणाऱ्या नीडल व्हॉल्व्हखाली कचरा अडकला की वाटी भरून वाहते. आमच्या भाषेत "ओव्हर होतो". कार्बोरेटरचा तळ आणि इनटेकची (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळीची) कड बाहेरून ओली किंवा तांबूस डागाळलेली असेल तर हेच होतंय. जास्त इथेनॉलच्या पेट्रोलने टाकीतला जुना गाळ सुटतो आणि तो इथेच येऊन बसतो. त्यामुळे नळ्या बदलल्यावर फिल्टर लवकर, दोन-तीन हजार किलोमीटरवरच पुन्हा बदला.

घाटात एक प्रकार सर्रास चालतो त्याबद्दल हात जोडून सांगतो. चढ चढून गाडी थांबवली, पेट्रोलची वाफ झाली, पंप ओढेना. मग कोणीतरी पाण्याच्या बाटलीत पेट्रोल आणतो, एअर फिल्टर काढतो, कार्बोरेटरच्या तोंडात ओततो आणि "सेल्फ मारा" म्हणून ओरडतो. इंजिनाने उलटा फटका दिला तर ज्वाळा सरळ त्या तोंडातून वर येते, आणि ओतणाऱ्याच्या हातात उघडी बाटली असते. माझ्या ओळखीच्या एका ड्रायव्हरचा हात कोपरापर्यंत भाजलेला मी पाहिलाय. वाफ झाली असेल तर बोनेट उघडून अर्धा तास थांबा. पंपावर आणि पेट्रोलच्या नळीवर ओलं फडकं ठेवा. प्लग आणि वायरींवर पाणी जाऊ देऊ नका. गाडी आपोआप चालू होते.

आता विजेची बाजू. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते "गॅस किट काढून टाकलं" हे वाक्य. किट काढताना टाकी आणि रेड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) काढतात, कारण ते विकले जातात. डॅशबोर्डवरचं पेट्रोल-गॅसचं बटण, त्याच्या वायरी आणि पेट्रोलच्या नळीत बसवलेला सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडझाप होणारी झडप) तसाच राहतो. त्या सोलेनॉइडमुळे पेट्रोलच्या वाटेत दोन जास्तीचे जोड आणि त्याच्याच अंगाला विजेची वायर. तो आधी काढा आणि नळी सरळ जोडा. मग त्या वायरी शोधा. ठिणगीची वीज तयार करणाऱ्या कॉइलपासून, बॅटरीपासून निघालेल्या, नुसती टेप गुंडाळलेल्या वायरी सापडतील. बोनेटखालच्या उष्णतेत टेपचा चिकटा वितळून जातो, टेप उलगडते आणि उघडं तांबं राहतं. त्यात करंट असतो. टोकं कापून टेप मारू नका. प्रत्येक वायर जिथून घेतली तिथपर्यंत मागे जाऊन काढा.

फ्युजबद्दल बहुतेकांचा एक गैरसमज असतो. फ्युज हा बल्ब किंवा हॉर्न वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. १५ अँपियरचा उडतो म्हणून ३० चा घातला, किंवा चांदीचा कागद गुंडाळला, की पुढच्या वेळी फ्युजऐवजी वायर जळते, आणि ती नेमकी डॅशबोर्डच्या मागे किंवा टाकीकडे जाणाऱ्या गुच्छात असते. हेडलाइटचा हिशेब बघा. कंपनीचा बल्ब ६०/५५ वॅटचा: अपरला दोन मिळून १२० वॅट, म्हणजे १० अँपियर. दुकानदाराने १००/९० चे घातले की २०० वॅट, जवळजवळ १७ अँपियर. वायर तीच, बटण तेच. वायरीतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे पावणेतीन पट होते. रात्री तासभर अपर टाकून चालवलं की होल्डरचं प्लास्टिक तपकिरी होतं आणि स्टिअरिंगखालचं बटण हाताला गरम लागतं. तुमच्या गाडीत असे बल्ब असतील तर मूळ वॅटचे घाला आणि दिव्यांना रिले लावून घ्या, म्हणजे दिव्यांचा करंट बटणातून न जाता थेट बॅटरीतून जातो. बॅटरीतून येणाऱ्या नव्या वायरीला बॅटरीजवळच फ्युज हवा. अशाने ६० वॅटचे दिवेही उजळ लागतात, कारण पंचवीस वर्षांच्या बटणात हरवणारा विजेचा दाब वाचतो. म्युझिक सिस्टिमला थेट बॅटरीवरून वायर घेतली असेल तर तिथेही हाच नियम.

एक वायर मात्र अशी आहे जिला तुमच्या गाडीत फ्युजच नाही: बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सेल्फकडे जाणारी जाड केबल. तिचं आवरण एखाद्या पट्टीवर घासून उघडं पडलं तर शेकडो अँपियर थेट बॉडीत उतरतात आणि काही सेकंदांत केबल लाल होते. ती बोटांनी चाचपत पूर्ण लांबी तपासा, जिथे घासते तिथे रबरी बुश किंवा जाड आवरण घाला. बॅटरी हाताने हलवून बघा. बॅटरी बदलताना वरची पट्टी परत न लावण्याची दुकानदारांना खोड आहे. खड्ड्यात बॅटरी उडते, पॉझिटिव्ह टर्मिनल बोनेटला लागतं. टर्मिनलवर लाल टोपण असावं. मूळ मापापेक्षा उंच बॅटरी घालू नये.

अर्थची पट्टी तर कोणी तपासतच नाही. एक जुनी ८०० माझ्याकडे आली तेव्हा तक्रार होती, "सेल्फ मारला की जळका वास येतो आणि चोकचं बटण चटका देतं." इंजिन उतरवून काम करणाऱ्याने इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थची पट्टी परत लावलीच नव्हती. सेल्फला शंभर अँपियरच्या वर करंट लागतो आणि तो बॅटरीकडे परत जायला वाट शोधतो. त्याला चोकची केबल सापडली. तिचं काळं आवरण वितळून लोंबत होतं आणि ती कार्बोरेटरला जोडलेली, म्हणजे पेट्रोलच्या अगदी कुशीत. तुमच्याकडे साधा मल्टीमीटर असेल तर घरी तपासता येईल, पण नळ्यांचं काम झाल्यावर, आधी नाही. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला, आणि घरातल्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२-०.३ व्होल्टच्या आत आकडा आला तर अर्थ चांगला आहे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर पट्टी बदला, दोन्ही टोकांचा गंज घासून काढा.

प्लगच्या वायरी आणि प्लगना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं टोपण यांची परीक्षा अंधारात होते. गळती नाही याची खात्री झाल्यावर रात्री इंजिन चालू ठेवून, दिवे बंद करून बोनेटमध्ये बघा. निळसर ठिणग्या उड्या मारताना दिसल्या तर वायरींचा पूर्ण सेट बदला.

ऑइलबद्दल थोडक्यात: टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग गळून मॅनिफोल्डवर ऑइल जळत असेल तर आधी निळसर धूर आणि खमंग-कडवट वास येतो. ऑइल पेट्रोलइतकं चटकन पेटत नाही, पण थर साचला की दुसरीकडून लागलेल्या आगीला ते खाद्य होतं. पॅकिंग स्वस्त आहे, बदला. बोनेटच्या आतली फेल्टची चादर तेलकट झाली असेल तर काढून टाका. कूलंटही जपा: त्यातलं पाणी गरम लोखंडावर उडून गेलं की उरलेलं ग्लायकोल पेटू शकतं.

इंजिन चकाचक दिसावं म्हणून डिझेल किंवा रॉकेल मारून धुण्याची पद्धत अजून आहे. करू देऊ नका. कानाकोपऱ्यात डिझेल राहतं, वायरींवरच्या आवरणात मुरतं, नव्या नळ्याही खराब करतं. पाण्याने धुता येणारा डीग्रीझर मिळतो, तो थंड इंजिनावर वापरा. इंजिन स्वच्छ असलं की नवी गळती पहिल्या दिवशी दिसते, मळक्या इंजिनावर सहा महिने लपते. आणि काम झाल्यावर बोनेट लावण्याआधी फडकं, कॉटन वेस्ट आत राहिलं नाही ना हे स्वतः बघा.

उंदीर हा आपल्याकडचा फार मोठा शत्रू, विशेषतः पावसाळ्यात आणि विशेषतः उभ्या राहणाऱ्या गाडीत. ते वायरी कुरतडतात हे सगळ्यांना माहीत असतं. ते घरटंही करतात याकडे लक्ष जात नाही. नारळाचा काथ्या, गोणपाटाचे धागे, वेफर्सची पाकिटं मी इंजिनच्या खाचेतून पसाभर काढलीयत, मॅनिफोल्डपासून वीतभर अंतरावर. कोरडा काथ्या चुलीत कसा पेटतो ते तुम्हाला माहीत आहे. लोक उंदरांसाठी तंबाखूची पुरचुंडी इंजिनवर बांधतात. फडक्यात बांधलेला तो कोरडा पालाच आहे, ठेवू नका. दर तीन-चार दिवसांनी गाडी जागेवरून हलवा, बोनेट उघडून टॉर्चने बघा, गाडीत खाऊ ठेवू नका, खालच्या मोठ्या फटींना लोखंडी जाळी लावून घ्या. गाडी आठ-पंधरा दिवस उभीच राहणार असेल तर बॅटरीला कट-ऑफ स्विच बसवा. उंदराने वायर सोलली तरी तिच्यात करंट नसेल.

ज्यांच्या जुन्या गाडीत सीएनजी अजून आहे त्यांनी सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) चुकवू नये. तो २०० बारपर्यंत भरला जातो. जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघावेत. प्लग वेळेवर बदलावेत, कारण जुन्या मिक्सर पद्धतीच्या किटमध्ये ठिणगी कमजोर पडली की गॅस एअर फिल्टरच्या डब्यात फटका देतो. असा फटका एकदाही बसला तर डबा उघडून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

एवढं करूनही गाडीत अग्निशामक ठेवा. एक किलोचा एबीसी पावडरचा पुरतो. डिकीत नाही, ड्रायव्हरच्या सीटखाली किंवा पायापाशी पक्का बसवलेला. काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना बघत जा, आणि पावडर तळाशी बसते म्हणून दोन-तीन महिन्यांनी उलटा करून हलवा. तो जेमतेम आठ-दहा सेकंद चालतो, त्यामुळे वापर आधी मनात पक्का असू द्या. धूर दिसला की गाडी कडेला घ्या आणि सगळ्यात आधी चावी बंद करा. तुमचा पंप इंजिनवर चालतो, इंजिन थांबलं की पेट्रोल ढकलणं थांबतं. सगळ्यांना उतरवून तीस-चाळीस पावलं लांब पाठवा, एकाने १०१ किंवा ११२ ला फोन करावा. बोनेट पूर्ण उघडू नका. एकदम हवा मिळाली की आग तोंडावर येते. आतून खटका ओढा, बोनेट जेवढं आपोआप उचललं जातं तेवढ्या फटीतून पावडर मारा. ज्वाळा फटीतून बाहेर येत असतील किंवा डॅशबोर्डमधून धूर आत येत असेल तर अग्निशामक टाकून लांब जा. गाडीतलं सामान आणायला परत फिरू नका, दागिन्यांची पिशवी असली तरी.

आता तुमच्या प्रवासाचं. गणपतीला अजून सहा आठवडे आहेत, पुरेसे आहेत. पहिल्या आठवड्यात नळ्या, क्लिप, फिल्टर आणि सोलेनॉइडचं काम करून घ्या. मालक म्हणून समोर उभे राहा आणि काढलेले जुने तुकडे मागून घ्या. दुसऱ्या आठवड्यात चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून किटच्या वायरी, फ्युज, अर्थ, बॅटरीची पट्टी. त्यानंतर गावात रोज दहा-पंधरा किलोमीटर चालवा आणि रोज सकाळी सेल्फ मारायच्या आधी बोनेट उघडून प्रत्येक जोडापाशी वास घ्या, कोरडा कागद फिरवा. नव्या नळ्या दोन-चार दिवसांत बसतात, तेव्हा क्लिपा एकदा पुन्हा अर्धा-पाऊण आटा आवळून घ्या. मग एकदा पन्हाळ्यापर्यंत जाऊन या; चढही होईल आणि वर पोचल्यावर गरम इंजिन टॉर्चने बघता येईल. तिथे कागद कोरडा निघाला तर गणपतीला आंबा घाट बिनधास्त उतरा. साखरप्याला चहाला थांबलात की बोनेट उघडून एकदा तोच कागद फिरवा.

नळी बदलल्याची तारीख आतल्या बाजूला, बॅटरीशेजारच्या पत्र्यावर ऑइल पेंटने लिहून ठेवा. पाच वर्षांनी ती पुन्हा बदलायची आहे, किलोमीटर कितीही झालेले असोत.